नव्या तांदळाचे आयते

पहिला आयता तव्याला चिकटला, तेव्हा कोणी काही बोललं नाही. पहिला चिकटतोच. तो चुलीचा मान, असं म्हणत मैनाबाईंनी तो सराट्यानं खरवडून विस्तवात टाकला. दुसरा चिकटला, तेव्हा त्यांच्या सुनेनं, रीतानं, मुकाट्यानं तव्यावर पुन्हा तेलाचा कांदा फिरवला. तिसरा चिकटला, तेव्हा मात्र ओसरीवर कांदे चिरत बसलेल्या बायांचे हात थांबले आणि शेजारच्या इतवारीबाईंनी मान लांब केली.

"काय झालं वो मैना? तवा रुसला का?"

"तुहं तोंड पाहून रुसला," मैनाबाई म्हणाल्या. "खाली पाहून कांदे चीर."

बाया हसल्या. रीताला काही हसू येईना. अंगणात तीन चुली पेटलेल्या, दोन मोठ्या गंजांत मच्छीचा रस्सा रटरटतोय, घटकाभरात शंभर-सव्वाशे माणूस दारात येऊन उभा राहणार, आणि इथं एक आयता धड सुटायला तयार नाही!

खैरबोडीच्या तलावाची आज पहिली ओढ होती. धान घरात आलं की गावातली सगळी ढिवर घरं मोठं जाळं घेऊन उजाडताच तलावात उतरतात, आणि त्या दिवशीचं जेवण असतं मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षाकडे. भात नाही, भाकर नाही, आयतेच. तांदळाचं पातळ पीठ तव्यावर ओतायचं, झाकण ठेवायचं, आणि जाळी पडलेला मऊ आयता तव्यावरून सरळ ताटात. गार पाण्यात दोन-तीन तास उभ्या राहिलेल्या माणसाची बोटं त्याशिवाय सरळ होत नाहीत, असं जुनी माणसं सांगतात. ओढणारे जेवून उठल्याशिवाय एक मासा व्यापाऱ्याच्या गाडीत चढत नाही. आणि तव्यावर बसायचं ते घरच्याच दोघींनी. एकीनं ओतायचं, दुसरीनं उचलायचं. यंदा अध्यक्ष होते मैनाबाईंचे मालक सोमाजी, म्हणून ओतायला मैनाबाई आणि उचलायला रीता.

रीतानं त्यासाठी महिनाभर सराव केला होता. ती अहेरीची. लग्न होऊन या घरात आली त्याला आठ वर्षं झाली, आणि या आठ वर्षांत तिनं एक गोष्ट निदान शंभरदा ऐकली होती. नऊ वर्षांपूर्वी, मैनाबाईंचे सासरे अध्यक्ष असताना, हा मान याच घराकडे आला होता, तेव्हा तव्यावर मैनाबाई आणि त्यांची धाकटी जाऊ चंचल, अशा दोघी होत्या. एकाच मांडवात दोघींची लग्नं झालेली, एकाच दिवशी दोघींनी या घराचा उंबरा ओलांडलेला. एकीनं वाटी उचलली की दुसरीचा सराटा तयार. जेवणाऱ्यांना ताटाकडे पाहायची सवड मिळाली नाही म्हणे! ते ऐकून रीताला वाटायचं, आपण हे पाहायला हवं होतं.

ते पाहणं काही तिच्या नशिबी नव्हतं. पुढच्याच उन्हाळ्यात चंचलकाकीच्या मुलीचं, माधवीचं लग्न झालं. वरातीसमोर चंचलकाकींनी आयते वाढले, नेमके जरा जाड झाले, आणि मैनाबाईंच्या जिभेला कुठं हाड! भर पंगतीत व्याह्यांसमोर त्या म्हणाल्या, "आमच्या चंचलचा आयता म्हंजे गोधडी हाये. खाऊन उरला तं पांघरून घ्या." वराती हसले. विहीणबाई तर डोळ्याला पदर लावून हसल्या. चंचलकाकी हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी थोरल्या जावेच्या घरात पाऊल टाकलं नाही.

दोन घरांच्या मधे एक बांबूचा कूड होता. त्यातून पलीकडचं सगळं दिसायचं, ऐकू यायचं, भाजीला काय टाकलं त्याचा वाससुद्धा यायचा. फक्त बोलता यायचं नाही.

आणि आता ते दिसणंही संपायचं होतं. चंचलकाकींचा मुलगा अमर माजरीला खाणीत डंपर चालवायचा. त्याच्या बायकोला सातवा महिना लागलेला. तो आई-बापाला कायमचं न्यायला आला होता. परवा सोमवारी टेम्पो यायचा होता, आणि घर शाळेतल्या एका मास्तरांना भाड्यानं द्यायचं ठरलं होतं. हे गावात कळल्यापासून आठ दिवस मैनाबाई कोणावर ओरडल्या नव्हत्या. रीताला त्याचीच जास्त काळजी वाटत होती.

चौथाही चिकटला. रीतानं गंजात बोट बुडवलं, दोन बोटांत पीठ चोळलं, वास घेतला आणि चमकून सासूकडे पाहिलं.

"आत्याबाई, हे नव्या तांदळाचं पीठ हाये!"

"असन," मैनाबाई म्हणाल्या.

"असन काय? नव्या तांदळाचा आयता सुटते का कधी?"

"यंदा सुटन वाटलं मले."

रीता पाहतच राहिली. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात तिनं न कळता नव्या तांदळाचे आयते घातले होते. त्यावरून याच बाईनं तिला आठ दिवस ऐकवलं होतं. अहेरीला तांदूळ दुकानात पिकतो का, तुझ्या आईनं तुला तांदूळ दाखवून तरी दिला होता का, काय काय! आणि काल हीच बाई दळण घेऊन एकटी गिरणीवर गेली होती. मी येतो म्हटलं तर म्हणाली, तू चुली सारव.

आता सल्ल्यांना ऊत आला. कोणी म्हणे बेसन टाका, कोणी म्हणे रवा टाका. इतवारीबाई म्हणाल्या, "मीठ पडलं नसन. मीठ नसलं का चिकटते." मैनाबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. बेसन टाकलं, आयता चिकटला. रवा टाकला, आयता चिकटून वर फाटला.

"भात तरी टाका मंग," एकजण म्हणाली.

"ओढीच्या दिवशी भात?" मैनाबाई एवढंच म्हणाल्या, आणि तो विषय मिटला.

"जुन्या तांदळाचं पीठ कोनाकडं असन?" रीतानं विचारलं.

सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. गेल्या साली पीक आधीच अर्धं. जुना तांदूळ बहुतेक घरांत पोळ्यालाच संपलेला. ज्यांच्याकडे पायलीभर होता त्यांनी दळलेला नव्हता, आणि शनिवारी गिरणीची लाईन दुपारपर्यंत बंद. बघता बघता सगळ्यांचे डोळे एकाच दिशेला गेले. कुडापलीकडे चंचलकाकी ओट्यावर बसून गाठोडी बांधत होत्या. पाठ इकडे होती, पण कान कुठं होते ते सांगायला नको. त्यांच्या सुनेला आयत्याचे डोहाळे लागले होते, आणि माजरीला न्यायला म्हणून चारच दिवसांपूर्वी त्यांनी दोन मोठे डबे जुन्या तांदळाचं पीठ दळून आणलं होतं. हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"हाये की मंग," इतवारीबाई हळूच म्हणाल्या. "फक्त मांगाचंच काम हाये."

मैनाबाईंनी विस्तवात उगाच एक लाकूड सारलं.

तेवढ्यात तलावाकडून आरडाओरडा आला आणि माणसं अंगणात शिरली. ओली धोतरं, ओल्या हाफपँटी, निळे पडलेले ओठ. पुढं सोमाजी, त्यांच्या मागं त्यांचा धाकटा भाऊ पोचू, मग रीताचा नवरा भूपेश. "ताटं आना वो!" सोमाजी दारातूनच ओरडले. "रोहू असा निंगाला, असा! हातभर!" मग त्यांना रिकामी टोपली दिसली.

"आयते कुठी हायेत?"

"तव्याले," मैनाबाई म्हणाल्या.

रीतानं काय झालं ते सांगितलं. सोमाजींचा चेहरा पडला. अध्यक्षपदाचं पहिलंच वर्ष, आणि दारात सव्वाशे भुकेली माणसं. बाहेर रस्त्यावर व्यापाऱ्याच्या गाडीचा ड्रायव्हर नागसेन हॉर्न वाजवून गेला. "भाऊ, ऊन चढून राह्यलं. बर्फ पानी होऊन राह्यला," त्यानं हाक दिली.

"तुमी जा," मैनाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "तिकडून पीठ मांगून आना."

"मी?" सोमाजी म्हणाले. "आपलं तं बोलनं नाई त्यायच्याशी."

"मीच आनतो ना," पोचूकाका म्हणाले. "माह्याच घरी तं हाये."

मैनाबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "तुमी दोघं बोलता व्हय?"

दोघं भाऊ खाली बघू लागले. अंगणात खसखस पिकली. दोघं भाऊ गेली नऊ वर्षं रोज संध्याकाळी तलावाच्या पाळीवर बसून एका पुडीतला तंबाखूचा खर्रा खातात, हे ज्याला माहीत नाही असं त्या अंगणात एक कुत्रंसुद्धा नव्हतं.

"मले काय नाक नाई का?" मैनाबाई म्हणाल्या. "याच्या तोंडाले अन् त्याच्या तोंडाले एकच वास. जा आता, आना पीठ."

पोचूकाका गेले. लगेच रिकाम्या हातांनी परत आले. कानामागं खाजवत म्हणाले, "वयनी, थे म्हनते पीठ हाये, पन मी कोन देनारा? म्हनते, तुमी खाऊन घ्या अन् चुप बसा."

मग भूपेशला पाठवलं. चंचलकाकींचा तो लहानपणापासून लाडका. तो जरा वेळानं आला, मिशा पुसत.

"काय झालं?"

"काकीनं चहा पाजला."

"अन् पीठ?"

"पीठ नाई देलं. म्हनते, ज्याच्या तव्याले चिकटले त्यानं यावं." भूपेशनं आईकडे न बघता पुढचं सांगून टाकलं. "अन् म्हनते, हात पुसून ये म्हना, आन् तोंडबी."

कोणीतरी फुसकन हसलं. सोमाजींनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण त्यांच्याही मिशा हलत होत्या. मैनाबाई उठल्या. हात धुतले. पदर खांद्यावरून घेतला, काढला, पुन्हा घेतला.

"लुगडं बदलून येतो," त्या म्हणाल्या.

"साक्षगंधाले चालल्या का आत्याबाई?" रीता म्हणाली. "चला, मी येतो संगं."

"तू कायले? मी काय भेतो का तिले?"

पण रीता निघाली तेव्हा त्यांनी तिला परत पाठवलं नाही. कुडाला वळसा घालून रस्त्यानं जायचं, म्हणजे तीस-पस्तीस पावलं. मैनाबाई मधेच दोनदा थांबल्या. एकदा पायात काटा रुतला म्हणून, एकदा चप्पल सैल झाली म्हणून. काटा काही रीताला दिसला नाही. सासूचा हात तिनं धरला, तर तो गार होता. चुलीपुढून उठलेल्या बाईचा हात गार कसा, असं तिच्या मनात आलं, आणि मग तिला सासूची फार दया आली.

ओट्यावर गाठोडी, एक पेटी, बांधलेल्या चादरी. अमर दोरीनं कपाटाचं दार आवळत होता. आपली मोठी आई, मैनाबाई, दारात पाहून त्याच्या हातातली दोरीच सुटली. चंचलकाकींनी मान वर केली नाही.

"काय पायजे?"

"पीठ," मैनाबाई म्हणाल्या.

"कायचं?"

"जुन्या तांदळाचं."

"काऊन? तुमच्या घरी काय कमी हाये? तवा हाये, सराटा हाये. तोंड तं हायेच."

मैनाबाईंनी हसायचा प्रयत्न केला. या बाईचं एकच हत्यार, थट्टा. "तोंडाचे आयते होत असते तं आजपर्यंत अर्धा जिल्हा जेवला असता," त्या म्हणाल्या.

अमर हसला. रीतालाही हसू आलं. चंचलकाकींनी गाठोड्याची गाठ करकचून आवळली आणि पहिल्यांदा वर पाहिलं.

"माह्या माधवीले सासरी दोन वर्सं काय म्हनत होते, मालूम हाये?" त्या म्हणाल्या. "गोधडी. नाव घेऊन हाक नाई मारत होते. गोधडी, चहा आन. गोधडी, पानी आन. सासू म्हने, ननंद म्हने. पोरगी फोनवर रडे अन् मी इथी कुडाच्या अल्याड तुमचं हासनं आयके."

मैनाबाईंचं हसू गेलं.

"मले मालूम नव्हतं," त्या म्हणाल्या.

"मालूम होतं."

अमरनं मान फिरवली. रीताला वाटलं, आता सासूबाई काहीतरी बोलून मोकळ्या होतील आणि उरलंसुरलंही संपेल. मैनाबाईंनी ओट्यावरच्या एका गाठोड्यावर हात टेकला.

"होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "माधवीनंच सांगतलं होतं. पयल्या दिवाळीले आल्ती तवा. त्या रात्री मी जेवली नाई. पन तुह्याकडं याची हिंमत झाली नाई." मग फार हळू त्या म्हणाल्या, "माहं चुकलं, चंचल."

"का म्हनलं?"

"माहं चुकलं."

"पंगतीत बोलल्या होत्या तवा आवाज लय मोठा होता," चंचलकाकी म्हणाल्या. "तेवढाच काढा."

मैनाबाईंनी एकदा कुडाकडे पाहिलं. पलीकडे सव्वाशे माणसं, त्यात नवरा, मुलगा, सोसायटीचे सगळे सभासद, आणि इतवारीबाई. रीतानं सासूचा हात घट्ट धरला. मैनाबाईंनी तो सोडवून घेतला, छातीभर श्वास घेतला आणि तलावापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाल्या,

"माहं चुकलं! चंचलच्या आयत्याले मी नाव ठेवलं, माधवीले त्रास झाला, माहं चुकलं!"

पलीकडचा गलबला बंद पडला. लेकरंसुद्धा गप्प झाली. मग कुडापलीकडून इतवारीबाईंचा आवाज आला.

"आयकू आलं वो! लय साफ आयकू आलं!"

आणि चंचलकाकींना हसू फुटलं. त्यांनी ते पदराआड दाबलं, पण खांदे हलत होते. हसता हसताच त्या उठल्या, आत गेल्या आणि पिठाचे दोन डबे घेऊन बाहेर आल्या.

"आई, थे माजरीले न्याचं हाये ना?" अमर म्हणाला. "तिले डोहाळे हायेत."

"तिले याच पिठाचे नाई लागले ना डोहाळे? आजूक दळता येते," त्या म्हणाल्या. "धर एक डबा." मग मैनाबाईंकडे वळून, "अन् तू काय पाहून राह्यली? चल. नुसतं पीठ देऊन काय होते? तुह्या सुनेले उचलता येते का?"

"महिनाभर शिकली म्या," रीता म्हणाली.

"मंग बस बाजूले अन् शीक," चंचलकाकी म्हणाल्या.

पुढचे तीन-चार तास रीतानं तेच केलं. महिनाभराचा सराव वाया गेला याचं तिला मुळीच वाईट वाटलं नाही. नवं पीठ गाईच्या टोपल्यात गेलं, जुनं कालवलं गेलं. ओतायचं कोणी, यावरून दोघींची आधी थोडी जुंपली. चंचलकाकी म्हणाल्या, आज तुझ्या हातावर भरवसा नाही, ओतणार मी. मैनाबाई मुकाट्यानं सराटा घेऊन दुसऱ्या बाजूला बसल्या. पहिला आयता तव्यावर पडला, सुरसुरला, जाळी पडली. मैनाबाईंनी कडेनं सराटा फिरवला आणि तो अलगद वर आला. अंगणातून एकच ओरड उठली.

मग काही थांबा नव्हता. ओतलं, झाकलं, उचललं. ताट पुढं, ताट मागं. सुरुवातीला दोघींचे हात एकमेकींना आदळले, दोन आयते दुमडले. पाचव्या-सहाव्याला हात बसला, आणि मग रीताला कळलं की ऐकलेल्या गोष्टीत काही खोटं नव्हतं. दोघींचं तोंडही सुरूच होतं.

"पातळ टाक जरा."

"पातळच हाये. तुह्या डोळ्याले मोतीबिंदू आला."

"मोतीबिंदू आला असता तं तुले ओळखलं नसतं. लय बारीक झाली."

"तुह्या घरच्या वासावर जगलो नऊ वर्सं. त्यानं काय मांस चढते का?"

जाळं ओढणारे जेवत होते आणि गालातल्या गालात हसत होते. सोमाजी आणि पोचूकाका आता उघडपणे एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसले होते. पोचूकाका मात्र मधेमधे खाताना थांबत आणि तलावाकडे बघत. माजरीला तलाव नाही, हे त्यांचं गेल्या आठवडाभरात पाळीवरच्या प्रत्येक दगडाला सांगून झालं होतं. अमरला सांगायची मात्र हिंमत झाली नव्हती.

ओढणारे जेवून उठले आणि वाढणाऱ्यांची शेवटची पंगत बसली. नागसेनच्या गाडीत मासे चढू लागले. विस्तव जरा मंदावला, तसे दोघींचे हातही मंदावले. रीता पाणी प्यायला वळली होती; तेवढ्यात चंचलकाकींचं बोलणं तिच्या कानावर आलं.

"एक इचारू?" त्या म्हणाल्या. "सोळा वर्साची होती तवापासून तू पीठ कालवून राह्यली. पोत्यात हात घालून सांगतेस, तांदूळ धानाच्या कोन्या बांधीतला हाये. अन् यंदाच नवा तांदूळ तुले समजला नाई?"

मैनाबाईंनी आयता उचलला, टोपलीत ठेवला.

"समजला," त्या म्हणाल्या.

"मंग?"

"मंग काय! तुह्या दारात याले काहीतरी निमित्त पायजे होतं. तुले पिठाचे डबे घेऊन येतानी पाह्यलं. म्हनलं, आपलं पीठ बिघडलं तं तुह्याकडंच या लागन."

रीताच्या घशात पाणी अडकलं. बेसन काय, रवा काय, आणि ही बाई शांतपणे सगळ्यांचं ऐकत बसली होती! चंचलकाकीही वाटी हातात धरून थांबल्या होत्या.

"सव्वाशे मानसायसमोर?" त्या म्हणाल्या. "अन् मी नसतं देलं तं? नाक गेलं असतं ना घराचं."

"नाक ठेवून का करू?" मैनाबाई म्हणाल्या. "तू परवा चालली."

विस्तवात लाकूड फुटलं. मग चंचलकाकी म्हणाल्या, "नुसतीच आली असती तं काय झालं असतं? चार पावलं तं होती."

"येतच होतो. दरवर्सी येतो. तुह्या फाटकापर्यंत येऊन वापस जातो."

"मले मालूम हाये," चंचलकाकी म्हणाल्या. "कुडातून दिसते."

"मंग आवाज काऊन नाई देला?"

"मी काऊन देऊ? चुकलं तुहं होतं." त्यांचा आवाज आता कापायला लागला होता. "मी रोज वाट पाह्यली, मैना. आज येशीन, उद्या येशीन. मंग अमर म्हनला, चल माजरीले. सून म्हनली, या. माधवी म्हनली, जाय, तिथी करमन. सारे मले जाय म्हनून राह्यले. आठ दिवसांत एका मानसानं मले राह्य म्हनलं नाई."

मैनाबाईंनी सराटा खाली ठेवला.

"राह्य," त्या म्हणाल्या.

"आता कशी राहू? सुनेचं बाळंतपन हाये."

"बाळंतपन करून ये. तीन महिने लागू दे का चार लागू दे. पन कायमची नोको जाऊ. मी कोनाशी भांडू इथी? हे रीता तं उलट बोलत बी नाई."

रीता काही बोलणार, तेवढ्यात अमर ताट घेऊन चुलीजवळ आला. "आई, मास्तर आला हाये," तो म्हणाला. "घराची किल्ली मांगते. आजच सामान आनतो म्हनते."

चंचलकाकींनी कमरेला हात लावला. किल्ली तिथंच खोचलेली होती. त्यांनी ती चाचपली, पदर नीट केला आणि वाटी पिठात बुडवली.

"त्याले जेवाले बसव," त्या म्हणाल्या. "पोटभर खाऊ घाल. किल्ली नाई भेटत म्हना. घर खाली नाई हाये."

"आवो आई, पन सोमवारी..."

"सोमवारी मी येतो ना. बाळंतपन करतो, बारसं करतो, अन् वापस येतो. तुहा बाप आला तं आला, नाईतर तलावात राह्यन."

ओसरीवरून पोचूकाकांचा ठसका ऐकू आला. सोमाजी त्यांच्या पाठीवर जोरजोरानं थापा मारू लागले. दोघांपैकी नेमका कोण हसतोय आणि कोण रडतोय, ते रीताला तिथून कळेना.

मैनाबाईंचं मात्र स्पष्ट होतं. त्या रडत होत्या. धुराचा बहाणा नाही, पदराचा आडोसा नाही. पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवून सगळ्या गावासमोर ती बाई ढसाढसा रडत होती. रीतानं आठ वर्षांत त्यांना कधी असं पाहिलं नव्हतं. तिचेही डोळे भरून आले.

चंचलकाकींनी थोडा वेळ रडू दिलं. मग कोपरानं थोरल्या जावेला ढोसलं.

"रड, लागन तेवढी रड," त्या म्हणाल्या. "पन आधी उचल तो आयता. मास्तर उपाशी बसला हाये."